माझ्यामागची जागा

रविवारी पहाटे धारवाडात, मळमड्डीच्या रस्त्यांवर दोनच प्रकारची माणसं दिसतात. एक दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं तोडणारी आणि दुसरी सायकलवाली. पहिल्यांशी मी उभा जन्म भांडले. दुसऱ्यांत मी जाऊन मिसळेन असं मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाही सोडला नसता. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई मी. माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि राग त्याच्याही पुढं. हा आवाज कधी इतका कामाला येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

सायकल आमच्या घरात आली ती ह्यांच्या डोळ्यांमुळं. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत वर्तमानपत्रातली अक्षरं मधूनच गायब व्हायला लागली. हुबळीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यावर डाग आहे म्हणून सांगितलं. म्हणजे कडांचं दिसणार, मधलं दिसणार नाही. दारात माणूस उभा असला तर चौकट दिसते, माणूस नाही. ‘आहे तेवढं टिकवू या,’ डॉक्टर म्हणाले आणि ह्यांची स्कूटर बंद केली.

स्कूटर म्हणजे ह्यांचा जीव. रोज संध्याकाळी ‘जरा जाऊन येतो’ म्हणून निघायचे आणि काळोख पडताना परत यायचे. कुठं गेला होतात विचारलं तर ‘असंच’ म्हणायचे. केलगेरीचा तलाव, नाही तर आंब्यांच्या बागांतून जाणारा गोव्याचा रस्ता, कधी पार अळणावरच्या बाजूला रान सुरू होतं तिथपर्यंत. त्यात काम काही नसायचं. हुबळीहून परत आल्यावर ह्यांनी स्कूटरवर जुनी चादर टाकली, चारही टोकं नीट खोचली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसले ते बसलेच. आवाजावरून रिक्षा ओळखायच्या आणि चहा मागायचा, एवढाच दिवस. घरात बसलेला पुरुष म्हणजे स्वयंपाकघरात आडवी टाकलेली बाज. तिला वळसा घालता घालता मी रडकुंडीला आले.

तेव्हा समोरच्या घरातले वकील मदतीला आले. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. घरचे कानडी, पण आमच्याशी मराठी बोलतात आणि चिडले की दोन्ही. ते एक सायकल क्लब चालवायचे. क्लब म्हणजे काय, दर रविवारी पहाटे पंधरा-वीस जण जमून गावाबाहेर जायचे आणि खाऊन पिऊन परत यायचे. “काकांना पाठवा की आमच्याबरोबर,” ते म्हणाले. मी त्यांना वेड्यात काढलं. हे मात्र खुर्चीतून उठून उभे राहिले. कित्येक दिवसांत चहाशिवाय दुसऱ्या कशासाठी मी त्यांना असं उठलेलं पाहिलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी बराच वेळ विचार केला. “एकट्यानं कधीच नाही,” ते म्हणाले, “रहदारीत नाही. पुढं एक आणि मागं एक भरवशाचं माणूस असेल, तर चालवू द्या. पुढच्या तपासणीपर्यंत. मग बघू.” अशी ती परवानगी होती, हप्त्याहप्त्यानं मिळणारी. पुढचं माणूस कोण असणार हे ठरवायला आम्हाला बस धारवाडला पोचेपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. म्हणजे ह्यांना सायकल चालवता येईल अशी साऱ्या दुनियेत एकच जागा उरली, माझ्या मागची.

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून दोन सायकली आल्या. लहानपणी परकर खोचून चालवलेली सायकल पाय विसरले नव्हते, पण कंबर विसरली होती. मग सुभाष रोडवर मला जाकीट घ्यायला गेलो. ह्यांनी दुकानातलं एकेक जाकीट हातात धरून बाजूला नेलं, डोळ्यांच्या कडेनं पाहिलं आणि शेवटी लिंबासारखं पिवळं धमक एक निवडलं. “अहो, हे रस्ता झाडणाऱ्यांचं असतं,” दुकानदार म्हणाला. “मग त्यांना रस्त्यावर कोणी उडवत नसणार,” हे म्हणाले. ते जाकीट घालून मी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा फुलं तोडणारीही थांबून बघायला लागली.

क्लबचे नियम वकिलानं केलेले, त्यामुळं त्यांत पळवाट नव्हती. हेल्मेट हवं, मागं तांबडा दिवा हवा, एकामागं एक चालायचं, दोघांनी शेजारी येऊन गप्पा मारायच्या नाहीत, आणि दोन सायकलींमध्ये एका सायकलीएवढं अंतर. सगळ्यांत महत्त्वाची होती हाक. अण्णा सगळ्यांत पुढं. रस्त्यात खड्डा दिसला की ते ‘गुंडी!’ म्हणून ओरडायचे. त्यांच्या मागच्यानं तेच ओरडायचं, मग त्याच्या मागच्यानं. अशी ती गुंडी तोंडातोंडी शेवटपर्यंत जायची. शेवटी असायच्या अक्का. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. अंगानं भक्कम, बोलायला कमी. हाक त्यांच्यापर्यंत गेली की त्या ‘मुट्टितु’ म्हणायच्या. पोचलं. आणि ते ‘मुट्टितु’ परत तोंडातोंडी पुढं अण्णांपर्यंत यायचं. ते आलं नाही तर अण्णा वेग वाढवत नसत. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी पाठवलेल्या एकाही अर्जाची अशी पोच मला मिळाली नव्हती.

माझ्या पुढं एक कॉलेजातली मुलगी असायची. हिचं तोंड कायम चालू, एक तर खाण्यात नाही तर बोलण्यात. तिच्या मागं मी, माझ्या मागं हे. ह्यांच्या मागचं भरवशाचं माणूस म्हणजे अक्का. पहिल्याच दिवशी त्या आपणहून ह्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यामुळं बाकीची सगळी माणसं माझ्या पुढं, आणि आम्ही तिघं शेपटाला.

त्या वर्षी थंडीत धुकं फार पडलं. पहाटे स्टेशनवरून गाडीची शिट्टी यायची आणि गाडी कुठं आहे ते कळायचं नाही. तलावाच्या बाजूला उतरलो की पुढची मुलगी विरघळायची, मग तिचा तांबडा दिवाही, मग मला माझं पुढचं चाकसुद्धा अर्धंच दिसायचं. चाकांची सरसर ऐकू यायची आणि कुठून तरी वर अण्णांचा आवाज. ‘गुंडी.’ ‘गुंडी.’ ‘गुंडी.’ तो जवळ येत यायचा, माझ्या तोंडातून जायचा आणि मागं ह्यांच्या आवाजात उमटायचा. त्या धुक्यात आम्ही सगळेच ह्यांच्यासारखे झालेलो असायचो. हे मात्र आमच्यात सगळ्यांत सरळ चालवायचे. अण्णा एकदा म्हणाले, “काका, धुक्यात तुम्हीच पुढं व्हा, आम्ही मागं येतो.” हे हसले. किती तरी दिवसांनी मोकळं हसले. मला तो सगळा थंडीचा काळ एका लांबलचक सकाळीसारखा आठवतो. तिच्यात आम्ही कुठं पोचतच नव्हतो आणि पोचायची कुणाला घाईही नव्हती.

परतताना केलगेरीच्या अलीकडं एका टपरीवजा हॉटेलात सगळे बसायचे. चुरमुऱ्यांचा सुसला, मिरची भजी, चहा. अण्णांची साखर वाढलेली होती म्हणून ते बिनसाखरेचा चहा मागवायचे आणि त्याबरोबर दुसऱ्याच्या बशीतली जिलेबी उचलायचे. अर्धं कानडी, अर्धं मराठी, ज्याला जे आधी सुचेल ते. मी एवढी भांडखोर, पण त्या बाकावर माझं कुणाशी वाजलं नाही. एकदाच वाजलं, ते भज्यांवरून, आणि ते धरायचं कारण नाही.

एका रविवारी तलावाजवळून जाताना ती पुढची मुलगी एकदम ओरडली, “कमळ!” सवयीनं मीही ओरडले, “कमळ!” हेही ओरडले, “कमळ!” अक्कांनी शांतपणे सांगितलं, “मुट्टितु.” मग पुढची सगळी रांग हसत सुटली. हसू ओसरल्यावर चहाच्या वेळी ह्यांनी त्या मुलीला हळूच विचारलं, “कुठल्या बाजूला होती गं? पांढरी की गुलाबी?”

ती मुलगी बघतच राहिली. अण्णांनी कपात तोंड घातलं. पुढच्या रविवारपासून रांगेतून भलतंच काही तरी वाहायला लागलं. गुंडी यायची, गतिरोधक आला की हम्प यायचा, गाडी यायची आणि त्यांच्या अधेमधे यायचं, ‘पळस!’ ‘डावीकडं बगळे!’ ‘लगीनघर, मांडव हिरवा!’ ‘म्हातारी, डोक्यावर सरपण, पोरगं मागं!’ आंब्यांना मोहोर आला तेव्हा कुणाला ओरडावं लागलं नाही, तो वासानंच आला. पण एकानं न राहवून ‘मोहोर’ म्हटलंच आणि अक्कांनी त्याचीही पोच दिली. कोर्टात चेहऱ्यावरची सुरकुती न हलवणारे अण्णा एका पहाटे अगदी पुढून ओरडले, “वासरू! आजच झालंय! पाय थरथरतायत!” ते वासरू अख्ख्या रांगेतून माझ्यापर्यंत आलं. मी ते ह्यांना दिलं.

मला हे मान्य करायला हवं की तोवर मी रस्ता कधी बघितलाच नव्हता. घर ते शाळा, शाळा ते घर, नजर खाली आणि डोक्यात भाजी काय करायची ते. आता मान वर करावी लागे, कारण मागं द्यायचं असे. पुढून आलेलं देऊन भागायचं नाही, स्वतःचं काही तरी त्यात घालावं असं वाटायचं. तलावावरून उठणारी वाफ, ओल्या रस्त्यावर सांडलेली शेवंतीची फुलं, एका कौलावर ऊन पडलेलं आणि शेजारच्या कौलावर अजून नाही. असं काही मी दहा वर्षांची असताना बोलले असेन. दुपारी हे बेळगावच्या बहिणीला फोन लावायचे आणि सांगायचे, “आज पळस काय फुललाय म्हणून सांगू!” मी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ऐकायची. मी दिलेलं त्यांच्या तोंडून ऐकताना मला जे सुख व्हायचं, तसं लग्नानंतर पुष्कळ वर्षांत झालं नव्हतं.

मग मोर आला.

आंब्यांच्या बागा मागं टाकून आम्ही अळणावरच्या वाटेला लागलो होतो. एका खेड्याच्या तोंडाशी कुणी तरी रातोरात नवा गतिरोधक घातला होता, पांढरे पट्टे न मारता. अण्णा ओरडले, “हम्प!” आणि त्याच क्षणी डावीकडच्या शेतातून मोर उठला, सगळा पिसारा ओढत रस्त्यावरून पलीकडं गेला. “नविलु!” मधलं कुणी तरी किंचाळलं. हम्प कुठं अडकला ते आजही कुणाला सांगता येत नाही. पुढच्या दोघातिघांनी तो ऐकला. त्या मुलीच्या कानावर मोरच आला, आणि माझ्याही. “मोर!” मी ओरडले, “मोर!” हे ओरडले आणि अक्कांनी पोच दिली, “मुट्टितु.” ती पोच पुढं गेली. अण्णांना वाटलं, हम्प पोचला. त्यांनी वेग वाढवला.

माझी सायकल उडाली, पण मी सावरले. ह्यांनी मोर कडेनं दिसावा म्हणून मान फिरवली होती. मागून धप्प असा आवाज आला आणि मग भांडं पडल्यावर वाजत राहतं तसं चाक वाजत राहिलं.

मी सायकल टाकून धावले. अक्का माझ्या आधी पोचल्या होत्या. हेल्मेटला मोठी चीर, उजवं मनगट वाकडं. “एनू आगिल्ल, एनू आगिल्ल,” काही झालं नाही, असं अक्का ह्यांना सांगत होत्या. हे रस्त्यावर बसल्या बसल्या म्हणाले, “मोर गेला का?” मला असा राग आला की मी त्यांना तिथंच दोन देऊन टाकले असते. अक्कांनी वर्तमानपत्राची जाड घडी मनगटाखाली घालून ओढणीनं बांधली आणि धारवाडला भाजी घेऊन निघालेल्या टेम्पोत, कोबीच्या पोत्यांच्या मधे, आम्हाला बसवलं.

संध्याकाळी सगळा क्लब आमच्या घरी आला. केळी घेऊन आले, सगळेच केळी घेऊन आले. अण्णा म्हणाले, “चूक रांगेची आहे. म्हणजे माझी आहे. यापुढं चारच हाका. गुंडी, हम्प, गाडी, नाय.” नाय म्हणजे कुत्रं. “बाकी एक शब्द नाही.” ह्यांनी सगळ्यांच्या आधी मान डोलावली. “बरोबर आहे,” म्हणाले. अक्का कोपऱ्यात उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मोराची पोच त्यांनी दिली होती, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

हात बरा व्हायला पावसाळा लागला. पाऊस सरल्यावर डॉक्टरांनी पुन्हा ‘बघू’ म्हटलं आणि आम्ही रांगेत परत आलो. पहिल्या दिवशी एकही चूक झाली नाही. हाका चार, त्या स्वच्छ आल्या, स्वच्छ गेल्या. तलाव आला आणि गेला. धनगर उतरले होते, त्यांच्या मेंढरांनी अख्खं माळरान पांढरं केलेलं होतं, त्यावर सोनेरी ऊन उतरलेलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

घरी आल्यावर हे खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते. “चांगलं झालं सगळं,” म्हणाले. “अगदी व्यवस्थित.” मग थोड्या वेळानं, “पण आपण गेलो होतो कुठं?”

मी म्हटलं, “अहो, केलगेरीच की.”

“हो का?” हे म्हणाले. मग मला कळलं. मी आत निघून गेले.

तरी आम्ही जात राहिलो. दिसेना का, पाय तर चालत होते, वारा लागत होता, चहाच्या बाकावर चार माणसं भेटत होती. मी मनाशी म्हणायची, एवढंही काही कमी नाही. पण दिवाळीच्या आसपास एका रविवारी हे घरी येऊन हेल्मेट खुंटीला लावताना म्हणाले, “अक्का माझ्या मागं चालवत नाहीत. तुला माहीत आहे?”

“मग कुठं चालवतात?”

“उजवीकडं. मागून गाडी आली की माझ्या उजव्या अंगाला येतात. मी रस्त्याच्या मधे सरकलो तर गाडीच्या आणि माझ्या मधे असावं म्हणून. आज लॉरी आली तेव्हा मला त्यांचा श्वास ऐकू आला.” ह्यांनी हेल्मेट खुंटीला अडकवलं. “माझं दिसणं कमी झालंय आणखी. मी मधे सरकतो, मला कळत नाही. माझ्या हौसेपायी दुसऱ्याचा जीव नको. मी येणार नाही आता.”

मी भांडले. जेवढं येतं तेवढं सगळं भांडले. अक्कांना सांगू, दुसरा रस्ता धरू, डॉक्टरांना विचारू, मोठे आलात त्याग करणारे. गल्लीच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं असणार. हे ऐकून घेत होते. मग म्हणाले, “तू जात जा.”

“मी नाही जात.”

“मग बसू की दोघं घरात एकमेकांची तोंडं बघत. मला तर तेवढंही जमायचं नाही.” हे हसत म्हणाले. मी रडले.

पुढच्या रविवारी मी गेले, केवळ त्यांनी ढकललं म्हणून. पहाटे उठून आवरलं, हे पांघरूण डोक्यावर घेऊन कुशीवर वळलेले होते. मी दार ओढून घेतलं. रांग लागली, निघाली. वाटेत अण्णांची गुंडी आली, मी ती मागं दिली आणि एकदम सुन्न झाले. मागून लगेच यायचा तो आवाज आला नाही. थोड्या अंतरावरून, उशिरा, अक्कांचा आला. मी मान वळवून पाहिलं. माझ्या आणि अक्कांच्या मधे एक सायकल मावेल आणि तिच्या पुढंमागंही अंतर राहील, एवढी जागा रिकामी होती.

कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कांनी ती जागा सोडली होती आणि कुणीही त्यांना ‘पुढं या’ म्हटलं नव्हतं. नियमाचा किडा म्हणावेत असे अण्णा, त्यांनीही नाही. पुढच्या रविवारी तसंच, त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. थंडी आली, धुकं उतरलं. रांग त्या धुक्यातून जायची आणि तिच्यात ती एक जागा आमच्याबरोबर चालायची. मला खोटं बोलायचं नाही, मला फार बरं वाटायचं. मी हाक द्यायची आणि ती रिकाम्या जागेवरून उडी मारून अक्कांकडं जायची. मधे एखादा श्वास जायचा आणि त्या श्वासात मला वाटायचं की हे आहेतच, आज जरा हळू बोलतायत एवढंच. धुक्यात कोण आहे आणि कोण नाही हे कोण सांगणार? कितीदा तर मी मागं वळून बघायचं टाळायची.

एका रविवारी परत आल्यावर आनंदानं मी ह्यांना ते सांगितलं. म्हटलं, “तुम्हाला सोडून दिलंय असं समजू नका. तुमची जागा तशीच ठेवलीये सगळ्यांनी. माझ्या मागची. तिथं कुणी येत नाही.”

हे ताडकन उठले. इतक्या वर्षांत ह्यांचा आवाज चढलेला मी हाताच्या बोटांवर मोजावा एवढ्या वेळाच ऐकला आहे. चढवायचं खातं आमच्या घरात माझ्याकडं.

“वेड लागलंय का तुम्हा सगळ्यांना?” हे ओरडले. “रांगेत फट ठेवतात? टेम्पोवाल्याला फट दिसली की तो तिथंच घुसणार. अण्णाला वकिली कुणी दिली? हाक अक्कांना उशिरा पोचत असेल, त्या एकट्या पडल्या मागं, कळतंय का? आणि धुक्यात! धुक्यात अशी चालवता?”

“अहो, तुमची जागा आहे ती.”

“माझी काय जागा!” हे म्हणाले. खुर्चीची पाठ चाचपून त्यांनी घट्ट धरली. “तिथं माणूस पाहिजे. तुझ्या मागं कुणी नाही आणि हे तू मला आनंदानं सांगतीस?”

मी अजून अंगातच असलेलं पिवळं जाकीट काढून ठेवलं.

पुढच्या रविवारी निघायच्या आधी मी सगळ्यांना सांगितलं. गोड करून सांगायचं ठरवलं होतं, पण माझ्या आवाजात गोड काही बसत नाही. “माझ्या मागची जागा भरा,” म्हटलं, “घरून हुकूम आहे.” कुणी माझ्याकडं बघेना. अण्णा खाली वाकून ब्रेक तपासत राहिले, चांगले असलेले ब्रेक. अक्का हातमोजे घालत होत्या, त्या घालतच राहिल्या. मग ती माझ्या पुढची कॉलेजातली मुलगी आपली सायकल घेऊन निघाली, मला वळसा घालून मागं आली आणि उभी राहिली. तिच्या तोंडात त्या वेळी काही नव्हतं.

धुकं होतं. तलावाच्या बाजूला उतरताना पुढून गुंडी आली. मी ती मागं दिली आणि लगेच, अगदी माझ्या खांद्याशी, तो तरुण आवाज उमटला, “गुंडी!” आणि त्याच्या मागं अक्कांचा. मधे श्वास गेला नाही. ‘मुट्टितु’ माझ्या कानावर आलं आणि मी ते पुढं दिलं. रांग सलग झाली होती आणि माझी छाती फुटायची वेळ आली होती. तलाव संपेपर्यंत मी रडले. धुक्यात त्याचा एक फायदा असतो.

घरी आले तेव्हा हे व्हरांड्यातच उभे होते.

“भरली?”

“भरली.”

“कोण आलं?”

“ती कॉलेजवाली.”

“ती ब्रेक उशिरा मारते,” हे म्हणाले. “अंतर ठेवायला सांग तिला. आवाज येतो का तिचा नीट?”

“येतो. चांगला खणखणीत आहे.”

“मग बरं झालं,” असं म्हणत ते हळूच खुर्चीत बसले, फार दमल्यासारखे. “आता रविवारची झोप तरी लागेल मला.”

मी निघाले की हे पांघरूण ओढून झोपतात, असंच मी इतके दिवस समजत होते.